नाताळचा बँड व वाजविणाऱ्याची मजुरी

मार्गशीर्ष लागला म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यातील बँडवाल्यास दम खाण्याची फुरसत राहत नाही. तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू झालेली असते, आणि पौषात लग्ने करण्याची चाल नसल्यामुळे पुष्कळ घरी कार्य उरकून घेण्याची घाई असते. त्यातच चंपाषष्ठीस खंडोबाच्या यात्रा, पौर्णिमेस दत्तजयंतीच्या मिरवणुका, आणि बहुधा त्याच दिवसांच्या मागेपुढे आमचा नाताळ. या बँडांतून क्लॅरिनेट फुंकणारे व ढोल वाजविणारे कितीएक लोक आमच्या मंडळ्यांचे सभासद आहेत, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. असा एखादा बंधू पाळकाकडे येतो तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न असतात. पहिला तो मोठ्याने विचारतो : दत्तजयंतीची सुपारी ख्रिस्ती मनुष्याने घ्यावी काय? दुसरा तो खाली पाहून विचारतो : चोवीस तारखेच्या रात्री आपल्या मंडळीत फुकट वाजविलेच पाहिजे काय?

पहिल्या प्रश्नावर आमचे पंच तास दोन तास वाद करतात. दुसरा कोणी विचारार्थ घेत नाही. आम्हांस दुसरा अधिक भारी वाटतो. तथापि पहिल्याविषयी थोडे बोलले पाहिजे.

लग्नाच्या वरातीपुढे वाजविण्यात आम्हांस काही दोष दिसत नाही. कोणाच्याही घरचे लग्न असो, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्यास प्रेषिताने सांगितलेच आहे. मूर्तीच्या मिरवणुकीची गोष्ट निराळी. कोणी म्हणतात, पौल तंबू करून विकीत असे, त्या तंबूत कोण बसेल व काय करील याची चौकशी त्याने कोठे केली? हा दाखला आम्हांस लंगडा वाटतो. तंबू विकला म्हणजे कारागिराचा हात सुटतो. वाजविणाऱ्याचा श्वास मात्र मिरवणूक संपेपर्यंत कर्ण्यातच असतो. याहून जवळचा दाखला अरामी सेनापती नामान याचा आहे. कुष्ठातून शुद्ध झाल्यावर त्याने परमेश्वरावाचून दुसऱ्यास न भजण्याचा निश्चय केला. पण त्याचा राजा रिम्मोनाच्या मंदिरात जाताना त्याच्या हातावर टेके, व राजाबरोबर त्यासही वाकावे लागे. याविषयी क्षमा असावी असे त्याने आपण होऊन म्हटले. अलीशाने त्यास परवानगी दिल्याचे लिहिलेले नाही, मनाई केल्याचेही नाही; त्याने त्यास शांतीने जाण्यास सांगितले. आमच्या समजुतीप्रमाणे येथे कळीची गोष्ट ही की, नामानास ओझे वाटत होते. ज्या बंधूस असे ओझे मुळीच वाटत नाही, त्याने थोडा विचार करावा. ज्यास वाटते, पण घरी चार तोंडे आहेत म्हणून जो जातो, त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचे धाडस आम्हांस होत नाही. आणि ज्या पंचांस ती सुपारी सोडवावयाचीच असेल, त्यांनी त्या दिवसाची मजुरी आपल्या पदरची देण्याची तयारी ठेवून मगच तोंड उघडावे.

आता दुसरा प्रश्न. तो नीट समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

जुन्या गावगाड्यात हलगी वाजविणे हे बलुत्याचे काम होते, व ते मुख्यतः मांगवाड्याच्या वाट्यास आलेले होते. लग्न असो, पोळा असो, होळी असो, गावाने बोलाविले की जावयाचे. मोबदला म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावर मिळेल ते धान्य. नाही म्हणण्याचा हक्क नव्हता, व ज्या मांडवापुढे वाजवावयाचे त्या मांडवात बसण्याचाही हक्क नव्हता. आनंद आत, वाजविणारा बाहेर. महार वतनासारखी गावकीची कनिष्ठ वतने तर मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने मोडली. म्हणजे ही व्यवस्था काही फार प्राचीन काळची नव्हे. आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांपैकी पुष्कळांनी हलगी खुंटीवर टांगली. आज कोणी त्यांस हसतात की, यांनी आपले वाद्य टाकले व परक्यांचे सूर धरले. हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या कातड्याबरोबर हुकूम येत असे.

पुढे देशी सुरांविषयीचा संकोच हळूहळू गेला. एकोणिसाव्या शतकातच नगरकडील ख्रिस्ती लोकांनी कीर्तन आपलेसे केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगर व राहुरी येथे राहिले, व त्यांच्या अभंग-भजनांनी आमच्या उपासनेस मराठी कंठ दिला. टाळ, मृदंग, तबला, पेटी ही सर्व मंदिरात आली. हलगी मात्र उंबरठ्याशीच थबकली. तबल्यासही कातडेच असते हा विचार त्या वेळी फारसा कोणाच्या मनात आलेला दिसत नाही!

बँडाचा मार्ग निराळा. पितळी वाद्ये या देशात पलटणींबरोबर पसरली, आणि नगरचा किल्ला १८०३ साली वेलस्लीने घेतल्यापासून नगरास छावणीचे वळण लागले. मुक्तिफौजेची मंडळी १८८२ च्या सप्टेंबरात मुंबईस उतरली ती वाजतगाजतच. रस्त्यांतून मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांस पकडले, व पुढील वर्षी त्यांचे पुढारी टकर यांनी त्यापायी तुरुंगही भोगला. ढोल वाजविणे हीसुद्धा साक्ष होऊ शकते, व तिची किंमत द्यावी लागते, हे ते जाणून होते.

बँडाने आमच्या माणसास गणवेश दिला. ज्याच्या आजास गाव अरेतुरे करून बोलावी, त्यास आता मास्तर म्हणतात, आणि सुपारी घेणे न घेणे त्याच्या हाती असते. हा फरक लहान नाही. तरी लग्नघरी तो आजही बहुधा मांडवाबाहेरच उभा असतो, व शेवटच्या पंगतीस जेवतो.

मग नाताळात आमच्या मंडळीत काय होते? मांडव घालणाऱ्यास आम्ही पैसे देतो. दिव्यांच्या माळा व ध्वनिक्षेपक आणणाऱ्यास आगाऊ विसार देतो. बँडमास्तर आमच्याच मंडळीतला निघाला तर मात्र पंच त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, “मास्तर, तुम्ही आपलेच, हे देवाचे काम आहे.” झाले! त्या एका वाक्याने बलुते परत आले, फक्त खळ्यावरचे धान्य तेवढे गेले.

सेवा हा शब्द पवित्र आहे, म्हणूनच तो दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. दाविदाने अरौनाच्या खळ्यावर वेदी बांधली तेव्हा अरौना जागा, बैल, सर्पण सर्व फुकट देत होता. ज्यास आपणांस काही पडले नाही असे अर्पण देवास करणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन दाविदाने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. आम्ही याच्या उलट करतो. ज्याची किंमत मंडळीस काही पडली नाही व बँडवाल्यास मात्र हंगामातील एका रात्रीची मजुरी पडली, असे गायनवादन आम्ही मंडळीच्या नावाने देवापुढे ठेवतो. हे अर्पण कोणाचे? मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी हे नियमशास्त्र आम्ही वेठबिगारीविषयी बोलताना सांगतो. आपल्या हिशेबाच्या वहीसमोर ते आठवत नाही. यरुशलेमेत गायकांस रोजचा ठरीव शिधा होता. तो बंद पडला तेव्हा लेवी व गायक आपापल्या शेतांवर निघून गेले, आणि नहेम्याने दोष त्यांस दिला नाही. अधिकाऱ्यांस जाब विचारला.

कोणी म्हणतील, मंडळी गरीब आहे. हे खरे आहे. शेवगाव-पाथर्डीकडील कितीएक कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, व नाताळात त्यांची घरे बंद असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून बँडासाठी वर्गणी काढणे आम्हांसही बरे वाटत नाही. पण गरिबीचा उपाय बँड न लावणे हा आहे. पेटी, ढोलकी व चार टाळकरी असले म्हणजे गव्हाणीपुढे भजन उत्तम होते, आणि ज्याच्या घरी आजाची हलगी असेल व जो ती खुशीने आणील त्यास कोणी अडवू नये. पहिल्या नाताळच्या रात्री मेंढपाळांकडे बँड नव्हता.

बँडमास्तराने आपण होऊन मजुरी सोडली, तर गोष्ट निराळी. मात्र त्यासाठी त्यास प्रथम पुरा भाव विचारावा, व पैसे त्याच्या हातात द्यावे. मग त्यातून त्याने जे परत दिले ते वर्गणीच्या वहीत त्याच्या व त्याच्या साथीदारांच्या नावांवर लिहावे, आणि इतरांच्या देणग्या वाचून दाखविताना तेही वाचावे. साथीदारांस वेगळे विचारणे अवश्य आहे, कारण मास्तर उदार झाला म्हणून ताशा वाजविणाऱ्या पोराने उपाशी का राहावे?

आणखी एक व्यवस्था पंचांस सहज करता येईल. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे, सरकारने खास सूट दिलेली नसल्यास, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. तेव्हा फेरी संध्याकाळी लवकर काढून नऊच्या सुमारास संपवावी, वाद्ये मंदिराच्या कोपऱ्यात ठेवण्यास जागा करावी, आणि वाजविणाऱ्यांस उपासनेत पुढच्या सतरंजीवर बसवावे. प्रीतिभोजनाची पहिली पंगत त्यांची असावी. पंचवीस तारखेस दुपारी ज्यांना लग्नाची सुपारी असेल त्यांच्यासाठी सकाळची उपासना एक तास अलीकडे घेण्यास कोणत्या पाळकाची हरकत असेल, हे आम्हांस कळत नाही.