कथा शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांना

लेखक जन्मावा लागतो, तो शिबिरात घडत नाही, असं यंदा उन्हाळ्यात एका परिसंवादात एक मान्यवर कथाकार म्हणाले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांत बार्शी, किनवट, कणकवलीहून आलेली मुलं-मुली बसली होती. दोन दिवसांच्या कथालेखन शिबिरासाठी ती पदरचे पैसे भरून आली होती, आणि त्यांच्या तोंडावर हे सांगितलं गेलं. मला त्याचा राग आला. तो अजून ओसरलेला नाही.

हे विधान कोण करतं ते पाहावं. बहुतेक वेळा ते करणाऱ्याच्या घरी लहानपणी पुस्तकांचं कपाट होतं. शाळेत वहीतलं निबंधाचं पान थांबून वाचणारे मराठीचे सर होते. पुढे कथा पाठवल्यावर उत्तर देणारा संपादक होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकात दुसरं काय केलं? आलेली कथा वाचायची, ती कुठे सैल पडली, कोणतं पात्र लेखकाच्या तोंडचं बोलतं, शेवट आधीच का येऊन बसला, हे पत्राने कळवायचं, आणि पुन्हा लिहायला सांगायचं. मराठीतली एक अख्खी पिढी अशा पत्रांवर वाढली. त्याला कोणी कार्यशाळा म्हटलं नाही आणि त्याची फी नव्हती, एवढ्यावरून ते शिक्षण नव्हतं असं ठरत नाही. ज्याला ते आपसूक मिळालं, त्याला ते मिळाल्याचं आठवतही नाही. तो त्याला प्रतिभा म्हणतो. आणि ज्याच्या घरी कपाट नव्हतं, त्याला सांगतो की ही गोष्ट शिकता येत नाही.

यावर हमखास अण्णा भाऊ साठ्यांचं नाव पुढे केलं जातं. शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेला माणूस ‘फकिरा’ लिहितो, त्याला कोणती कार्यशाळा मिळाली? मिळाली होती. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत उभं राहिलेलं लाल बावटा कलापथक ही ती कार्यशाळा. गिरणी कामगारांच्या गर्दीसमोर वग सादर करायचा, तर कुठे लोक हसले, कुठे चुळबुळ सुरू झाली, कोणत्या वाक्याला मैदान गप्प झालं, हे त्याच रात्री कळतं आणि पुढच्या प्रयोगाला बदलता येतं. अण्णा भाऊंच्या कथेत प्रसंग ज्या वेगाने उभा राहतो, त्या वेगाला ही शाळा कारण आहे असं मी मानतो. त्यांना निरक्षर चमत्कार ठरवण्यात त्यांचा गौरव नाही. त्यांनी घेतलेली मेहनत त्यात पुसली जाते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनासाठी एकत्र गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्याही कथा अशाच श्रोत्यांवर घासल्या गेल्या असणार.

आणि गोष्ट सांगणं शिकवणारी संस्था महाराष्ट्राला नवी नाही. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे खेड्यापाड्यातली मुलं चार वर्षं राहतात, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ करतात, मग कीर्तनाला उभी राहतात. अभंगाच्या कोणत्या चरणापाशी थांबायचं, दृष्टांत कधी काढायचा आणि तो मूळ चरणापाशी कसा परत आणायचा, हे कसब आहे आणि ते शिकवलं जातं. कीर्तनकार जन्मावा लागतो असं म्हणून आळंदीच्या दारातून कोणी मुलाला परत पाठवलेलं मी ऐकलेलं नाही.

ज्यांना प्रतिभेची बाजू शास्त्राधाराने मांडायची असते, ते संस्कृत काव्यशास्त्राकडे बोट दाखवतात. तिकडे जायला मला आनंदच आहे, कारण तिथे क्षेमेंद्र भेटतो. मम्मटाने शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास ही तीन कारणं वेगवेगळी मोजली नाहीत, तिन्ही मिळून काव्याचं एकच कारण मानलं, हे सगळ्यांना माहीत असतं. अकराव्या शतकातला काश्मीरचा क्षेमेंद्र त्यापुढे जातो. ‘कविकण्ठाभरण’ हे त्याचं छोटं पुस्तक म्हणजे कवी होऊ पाहणाऱ्याच्या हाती दिलेला अभ्यासक्रमच आहे. तो विद्यार्थ्यांचे तीन वर्ग करतो: थोड्या प्रयत्नाने साधणारे, कष्टाने साधणारे आणि असाध्य. नवशिक्याने आधी अर्थाची काळजी सोडून नुसत्या शब्दांनी वृत्त भरायचा सराव करावा, जुन्या श्लोकातले शब्द बदलून पाहावेत, असं तो सांगतो. मग शंभर सूचना येतात. कारागिरांचं कौशल्य पाहा. शोक करणाऱ्यांचे विलाप ऐका. स्मशान आणि अरण्य पाहा. प्राण्यांचे स्वभाव निरखा. इतिहास वाचा. पहाटे उठा. शंभरातल्या कितीतरी सूचना लिहिण्याविषयी नाहीतच, त्या पाहण्या-ऐकण्याविषयी आहेत. आजच्या किती शिबिरांत मुलांना सुताराच्या कामाजवळ तासभर उभं केलं जातं?

क्षेमेंद्राचा असाध्य विद्यार्थीही पाहण्यासारखा आहे. स्वभावानेच दगड असलेला, व्याकरणाने नष्ट झालेला, तर्काने करपलेला, आणि चांगल्या कवींच्या रचना ज्याच्या कानात कधी शिरल्याच नाहीत असा. यातला पहिला सोडला तर बाकीचे जन्माने असाध्य नाहीत, शिक्षणाने किंवा शिक्षणाच्या अभावाने झालेले आहेत. हे लिहिणारा माणूस स्वतः अभिनवगुप्ताकडे साहित्य शिकला होता. रामायण, महाभारत आणि बृहत्कथा यांचे संक्षेप करून त्याने स्वतःचा हात बसवला होता. मोठी कथा लहान करताना काय टाकायचं आणि काय टाकलं तर कथा मरते, हे त्याच्याइतकं फार कमी लोकांना कळलं असेल. मला तो फार जवळचा वाटतो, कारण तो मर्यादा लपवत नाही आणि तरीही दार बंद करत नाही.

इथपर्यंत आल्यावर मात्र शिबिरं घेणाऱ्यांकडे वळायला हवं, कारण क्षेमेंद्राची परीक्षा त्यांनाही लागू होते.

ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तक 1931 साली आलं. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, कलाटणी हे तंत्र त्यांनी निष्ठेने शिकवलं, आणि गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर या नवकथाकारांना ते मोडूनच पुढे जावं लागलं. आजच्या शिबिरांत पडद्यावरच्या स्लाइड्समध्ये तेच तंत्र नव्या नावांनी येतं. शिकवणं आणि साचा देणं यांतला फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो रेमंड कार्व्हरच्या आयुष्यात. लाकूड गिरणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा, बायको आणि दोन मुलं घेऊन 1958 साली कॅलिफोर्नियात आला आणि पुढे चिको इथल्या कॉलेजात जॉन गार्डनरच्या वर्गात बसला. घरी लिहायला जागा नाही हे कळल्यावर गार्डनरने त्याला शनिवार-रविवारसाठी आपल्या ऑफिसची किल्ली दिली. त्याच्या हस्तलिखितावर तो ओळ न् ओळ खुणा करायचा. काही खोडण्यांवर वाद चालत नसे. काही शब्द तो नुसते कंसात टाकायचा, आणि त्यांच्यावर बोलणं व्हायचं.

पुढे गॉर्डन लिश हा संपादक आला. त्याने कार्व्हरच्या 1981च्या संग्रहातल्या काही कथा निम्म्याहून अधिक कापल्या. 1980च्या जुलैत कार्व्हरने हे पुस्तक थांबवा म्हणून त्याला विनवणीचं पत्र लिहिलं होतं. पुस्तक निघालं, गाजलं, आणि त्या कापाकापीतून आलेली कोरडी, तुटक शैली पुढच्या कित्येक लेखनवर्गांचा आदर्श झाली. मूळ खर्डा ‘बिगिनर्स’ या नावाने 2009 साली छापला गेला, कार्व्हर जाऊन एकवीस वर्षांनी. गार्डनरने विद्यार्थ्याला स्वतःचं वाक्य ऐकायला शिकवलं. लिशने त्याला आपलं वाक्य दिलं. म्हणजे संपादक असला की सगळं नीट होतं, असंही नाही. मी वर ‘सत्यकथे’ची पत्रं मनापासून वाखाणली, पण त्याच ‘सत्यकथे’ची 1969 साली तरुण लेखकांनी निषेध म्हणून होळी केली. त्या दाराबाहेर एक भाषा उभी होती, आणि तिला आत आपली जागा दिसत नव्हती.

हा प्रश्न कार्यशाळेत अधिक टोकदार होतो. अमेरिकेत आयोवा इथे 1936 साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेतून रूढ झालेल्या पद्धतीत ज्याची कथा चर्चेला असते त्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं असतं. मॅथ्यू सॅलेसिस या लेखकाने 2021च्या आपल्या पुस्तकात याच शिस्तीवर बोट ठेवलं: गप्प बसणारा एकटा वेगळ्या समाजातला असेल, तर बोलणाऱ्यांचं अज्ञान कथेचा दोष ठरतं. बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’मधली एखादी कथा 1963च्या आधी आपल्या एखाद्या सुशिक्षित शिबिरात वाचली असती, तर काय झालं असतं? थोडा आवाज कमी करा, असं सांगितलं गेलं असतं. हे नुकसान कल्पनेतलं नाही. एका शिबिरात उसाच्या फडावरच्या मुलीची कथा अशी मऊ होत गेलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या खर्ड्यात मुकादमाचं नावसुद्धा उरलं नव्हतं.

म्हणून शिबिर नको, असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांचं नको. दोन दिवसांत फक्त तंत्र सांगता येतं, आणि तंत्र हा कथेचा सर्वांत स्वस्त भाग आहे. तीच दहाबारा माणसं वर्षभर भेटावीत. ज्याची कथा त्याने आधी बोलावं: मला इथे काय करायचं होतं, मी कुठे अडलो. वाचणाऱ्याने सल्ला देण्याआधी आपल्याला काय दिसलं एवढंच सांगावं. पहिल्या खर्ड्यावर कौतुक आणि टीका दोन्ही आवरावीत, कारण खरं काम दुसऱ्यापासून सुरू होतं. निवडीच्या अर्जावर आधी छापून आलेल्या कथांची यादी मागू नये. आणि हे पुण्या-मुंबईत न होता तालुक्याच्या वाचनालयात व्हावं. तिथे संध्याकाळी खोली रिकामी असते आणि मुलीला शेवटच्या एसटीने घरी परतता येतं.