नववा स्टड

लांज्यात एक मुलगा होता. बारावीची परीक्षा झाल्यावर त्याच्या मनानं घेतलं की कॉम्प्युटर तयार आणायचा नाही, स्वतः जोडायचा. काजूच्या बियांचे पैसे हातात आले तेव्हा वडील हो म्हणाले. मामानं लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेतले आणि कोकण रेल्वेनं विलवड्याला उतरून घरी आणून दिले. तोवर जुलै लागला होता. बाहेर धो धो पाऊस, आणि माजघरात कौलांतून गळणाऱ्या थेंबाखाली आजीनं ठेवलेलं टोप.

दोन दिवस खपून मुलानं सगळं जोडलं. देवापुढं उदबत्ती लावली, घरच्यांना बोलावलं आणि बटण दाबलं. पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा पाव फेरा. स्क्रीन काळीच.

मग त्यानं जे केलं ते आपण सगळेच करतो. रॅम काढून खोडरबरानं घासली आणि दुसऱ्या खाचेत बसवली. त्याच हातानं बोर्डावरचा रुपयाएवढा सेल काढला, केबली उपसून पुन्हा खोचल्या, प्रोसेसर उचलून पाहिला. एवढं सगळं झाल्यावर बटण दाबलं. पाव फेरा. मित्राचा एसएमपीएस मागून आणून लावला, तरी तेच. शेवटी दुकानदाराला फोन लावला आणि खराब माल गळ्यात मारला म्हणून नाही नाही ते बोलला. दुकानदार बिचारा बोर्ड परत पाठवा म्हणाला.

शेजारी मोटार रिवायंडिंग करणारे काका राहत. उभ्या आयुष्यात त्यांनी कॉम्प्युटर उघडला नव्हता, पण तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या पंपांना त्यांचे हात लागले होते. ते आले, ओट्यावर पाय धुतले आणि म्हणाले, "दाब बघू."

मुलानं दाबलं.

"पंखा हलला म्हणजे वीज पोचते. लगेच थांबला म्हणजे एसएमपीएसनं हात आखडता घेतला. मोटारीला अर्थ लागला की माझा एमसीबी असाच पडतो. आता तू काय काय बदललंस?"

मुलानं यादी सांगितली. काका हसले. "पाच गोष्टी एकदम बदलल्यास. मशीन चालू झालं असतं तरी कशानं झालं ते तुला कळलं नसतं. एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी दाबून बघ. काम नसेल ते आधी काढून ठेव."

बोर्ड पत्र्याच्या कॅबिनेटमधून काढला आणि तो ज्या खोक्यातून आला त्याच पुठ्ठ्यावर ठेवला. वर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी. एसएमपीएसच्या दोनच केबली: चोवीस पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची. हार्डडिस्कही नाही. प्रोसेसरमध्येच डिस्प्लेची सोय होती, म्हणून वेगळं कार्ड लागणार नव्हतं. बटण कॅबिनेटवरच राहिलं, तेव्हा मुलानं पॉवर स्विचच्या दोन पिनांना क्षणभर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. स्क्रीनवर अक्षरं उमटली.

आजीनं टाळी वाजवली. काका म्हणाले, "थांब. अजून काही कळलेलं नाही."

रॅमची दुसरी पट्टी बसवली, चालू. हार्डडिस्क जोडली, चालू. दर वेळी बंद करायचं, मागची वायर काढायची, एक वस्तू वाढवायची, दाबायचं. मुलाला कंटाळा येत होता. मग सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवून स्क्रू आवळले, बटण दाबलं, आणि पाव फेरा.

"म्हणजे कॅबिनेटच खराब!" मुलगा फोनकडे वळला.

"फोन ठेव. बोर्ड उलटा कर."

बोर्डाच्या पाठीवर सोल्डरची शेकडो टोकं चमकत होती. त्यांत एका जागी तीनचार टोकं चेपलेली होती आणि भोवती पिवळसर गोल वण उमटला होता. काकांनी कॅबिनेटच्या तळाशी बोट फिरवलं. ज्यावर बोर्ड टेकतो ते पितळी स्टड मोजले. नऊ. बोर्डाची भोकं मोजली. आठ.

यात दोष म्हणावा तर कुणाचाच नाही. बोर्डाची भोकं कुठं असावीत हे इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स म्हणून ठरवून दिलं, त्यामुळे एकाच कॅबिनेटमध्ये लहानमोठे बोर्ड बसतात. साहजिकच मोठ्या बोर्डासाठी पत्र्याला जादा भोकं असतात. मुलाचा बोर्ड साडेनऊ इंची, लहान.

"पुडीत नऊ होते," मुलगा हळूच म्हणाला. "म्हटलं, जास्त लावले तर बोर्ड घट्ट बसेल."

काकांनी नववा स्टड पान्यानं सोडवून त्याच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. बोर्ड बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली, आणि महावितरणच्या कृपेनं तेवढ्यात लाइट गेली. सगळे हसले. मुलगा मात्र अंधारात फोनचे नंबर चाळत होता. दुकानदाराला त्यानं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण पहिलं वाक्य "माझंच चुकलं" असं होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस तसाच होता. माजघरातलं टोप भरलं, तेव्हा वडील म्हणाले, "उघडीप मिळाली की ती आठदहा कौलं बदलून टाकू." मुलगा बॅटरी घेऊन माळ्यावर चढला. थेंब पडत होता तिथं वर सगळी कौलं शाबूत होती. वाशावरची ओली रेघ मात्र वर, आढ्याकडं गेली होती. तिचा माग काढत तो तीन हात सरकला आणि एक कौल हातानं नीट वर सरकवलं.

"आजी, थेंब पडतो का बघ गं. घाई नको, दहा मिनिटं बस."

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "पडतो रे अजून."

"बरं," म्हणत त्यानं ते कौल होतं तसं बसवलं आणि शेजारच्याला हात घातला.