संत आणि साव

आमचें वास्तव्य पिंपरीच्या संत तुकाराम नगरांत. देहू येथून दूर नाहीं. तुकोबांनीं घरच्या सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा सर्वश्रुत आहे. पण तींतील एक बारकावा सहसा ध्यानांत येत नाहीं. परंपरा सांगते कीं, धाकट्या भावाच्या वांट्याचीं खतें त्यांनीं भावाच्या हवालीं केलीं. बुडविलीं तीं केवळ स्वतःचीं. दुसऱ्याच्या धनावर उदार होण्याचा अधिकार संतासही नाहीं. राज्याचें द्रव्य तर प्रजेचें. मग वैरी शेजाऱ्यास द्रव्य देतांना राज्यकर्त्यांनीं त्याचाच अंकुश केला, तर त्यांत अधर्म कोणता?

या प्रश्नाची कसोटी १९४८ च्या जानेवारींत लागली. फाळणीनंतरच्या वांटणींत रोख शिलकेपैकीं ७५ कोटि रुपये पाकिस्तानच्या हिश्शास आले. पैकीं २० कोटि आधींच दिले होते. ५५ कोटि राहिले. काश्मिरांत युद्ध चालू होतें. त्याचा निकाल लागेपर्यंत ही रक्कम द्यावयाची नाहीं, असें भारत सरकारचें धोरण होतें. आपल्या हातच्या पैशाच्या गोळ्या आपल्याच शिपायांवर कां झाडून घ्याव्या, हा युक्तिवाद क्षुल्लक नव्हे. १३ तारखेस गांधीजींनीं मुख्यतः दिल्लींतील सलोख्यासाठीं उपोषण आरंभिलें. १५ तारखेस सरकारनें रक्कम देण्याचें ठरविलें.

तें दान नव्हतें, साहाय्यही नव्हतें. तें देणें होतें. तरी लोकांच्या तोंडीं त्याची खैरात झाली. ३० जानेवारीस गांधीजींवर गोळ्या झाडणाऱ्या पुण्याच्या संपादकानें न्यायालयांत जीं कारणें सांगितलीं, त्यांत हे ५५ कोटिही होते. एका शब्दाच्या घोंटाळ्यांत किती विष सांठूं शकतें!

साहाय्य देणें न देणें दात्याच्या मर्जीवर असतें. अटी घालावयाच्या तर त्या आधीं व उघड घालाव्या. परंतु शेजाऱ्यांत एकदां द्रव्याचा अंकुश झाला, कीं निरपेक्ष मदतीचाही संशय येतो. २०१० च्या महापुरांत भारतानें देऊं केलेली मदत पाकिस्ताननें आढेवेढे घेऊन, संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत घेतली. बुडणाऱ्यासही पुढें आलेल्या हाताची शंका यावी, ही दोघांचीही हानि होय.

देण्याची गोष्ट निराळी. गोळ्यांची भीति खरी. पण वैर आहे म्हणून मान्य केलेला हिशेब अडवितां येत असेल, तर वैऱ्यांत तह तरी कशाच्या आधारावर व्हावा? राज्यानें संत व्हावें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें खतें खुशाल जपून ठेवावीं. मात्र ज्या खतावर ऋणको म्हणून आपलें नांव आहे, तें फेडावें. संतपण राज्यास न झेपो. सावपण त्यास सुटत नाहीं.