अप आणि डाऊन

मिरज जंक्शनवर एका वृद्ध सहप्रवासिनीची झालेली घालमेल अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. कोल्हापूरहून निघालेली आमची गाडी पुण्याकडे चालली होती. मिरजेला ती बराच वेळ थांबली आणि मग ज्या बाजूने आली होती त्याच बाजूला चालू लागली. "फादर, गाडी माघारी निघाली की हो! आता कसं व्हायचं?" बाई कासावीस झाल्या. गाडी चुकली नव्हती. कोल्हापूरचा आणि सांगलीचा, दोन्ही लोहमार्ग मिरजेत पश्चिमेकडूनच शिरतात. त्यामुळे पुण्याला जायचे तर इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. शेवटचा डबा पहिला होतो आणि पुढे तोंड करून बसलेला प्रवासी पाठमोरा प्रवास करू लागतो. सांगली स्टेशनची पाटी दिसली तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.

दिशेविषयीची आपली समजूत गाडीपुरतीच चुकते असे मात्र नव्हे. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून येणारी 'डाऊन'. या शब्दांचा उंचीशी काडीचाही संबंध नाही. साताऱ्याहून सुटलेली अप गाडी वाठार सोडल्यावर आदर्कीचा घाट उतरून लोणंदला येते. नावाने वर जाणारी गाडी तिथे चक्क खाली जाते! कारभार जिथून चालतो ते ठिकाण वरचे, एवढाच त्याचा अर्थ. कचेरीच्या सोयीसाठी ठेवलेली ही नावे. पण सातारा-सांगलीकडच्या आपण लोकांनी ती नकळत माणसांनाही लावली. मुंबईला गेला तो चढला, गावी परतला तो घसरला.

मीही लावली. मुंबईतील चांगली नोकरी सोडून, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी परतलेल्या एका तरुणाला मी म्हणालो होतो, "एवढं शिकून शेवटी माघारीच आलास?" तो काही बोलला नाही. वडिलांना भरवण्याची वेळ झाली म्हणून उठून आत गेला.

प्रत्येक परतणे थोर असते असे माझे म्हणणे नाही. कित्येकदा माणूस केवळ भिऊन परततो. परंतु गाडीचे तोंड कोणीकडे आहे एवढ्यावरून फलाटावरच्या माणसाला ते कसे कळावे? कुठे निघालास, हे त्यालाच विचारायला हवे होते. वडील गेल्यावरही तो मुंबईला गेला नाही. का, ते मी अद्याप विचारलेले नाही.