‘हे केव्हापासून?’



मार्कच्या शुभवर्तमानात (९:१४-२९) एक पिता आजारी मुलाला प्रभू येशूकडे आणतो. बरे करण्याआधी प्रभू विचारतो, हे केव्हापासून? पिता काहीही न लपवता सांगतो, लहानपणापासून.

आपण मात्र हा प्रश्न टाळतो. ९ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही. आणि आपण म्हणतो, ‘याचा बापही उशिरानेच चालला!’ धीर धरणे हा सद्गुण खरा. पण पहिल्या ३ वर्षांत मेंदू झपाट्याने घडतो. तेव्हा मिळालेले व्यायाम व वाचा-उपचार अधिक फळ देतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्या पालघरमधूनच झाला. अंगणवाडीत तपासणी होते. शंका वाटल्यास बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. उपचार मोफत असतात.

असे बाळ मिस्सेत ओरडले, तर आपण वळून वळून पाहू नये. बाकावर सरकून त्याच्या आईला जागा द्यावी. लाजेने दार लावून बसलेल्या घराला तेवढ्याने धीर येतो. त्या पित्याप्रमाणे आपणही न लपवता सांगूया, प्रार्थना करूया आणि उद्याच अंगणवाडीताईंना भेटूया.

प्रभू आपल्या बाळांना आशीर्वाद देवो.