बिल कुणाच्या नावावर?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापलं आणि अर्पण केलं कुणाला, तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. ही अर्पणपत्रिका आपण अभिमानानं सांगतो. त्या भल्या माणसांना मुक्तीपर्यंत पोचायला राज्यघटनेपासून जवळपास ऐंशी वर्षं का लागली, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

लागली, कारण तिथली शहाणी माणसं दर वेळी तोडगा काढत होती. १७८७ साली घटना लिहिताना ठरलं, की प्रतिनिधींची संख्या काढताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. गुलामाला मत नाहीच. त्याच्या डोक्यामागे वाढलेल्या जागा मालकांच्या राज्यांना. १८२० साली नकाशावर रेघ ओढली: मिसुरी गुलामीचं, मेन मुक्त, हिशोब चोख. १८५० साली कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, पण बदल्यात उत्तरेत पळून आलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कडक कायदा आला. दक्षिणेचा पैसा कापसात होता आणि कापूस वेचणाऱ्या गुलामांसह तिथले गुलाम १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले होते. बोलण्यात मात्र भाषा राज्यांच्या हक्कांची, आपल्या मुलखाच्या रीतीभातींची. उत्तरही काही धुतल्या तांदळाची नव्हती. तिथल्या गिरण्या त्याच कापसावर चालत, म्हणून व्यापाऱ्यांना शांतता हवी होती.

त्या शांततेचं बिल कुणी भरलं? अँथनी बर्न्स हा व्हर्जिनियातून पळालेला तरुण बोस्टनमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला होता. मे १८५४ मध्ये त्याला १८५०च्या त्या कायद्याखाली पकडलं. जूनमध्ये कोर्टापासून धक्क्यापर्यंत सैनिकांच्या पहाऱ्यात चालवत नेलं, तेव्हा रस्त्यावरच्या दुकानांना काळं कापड लावलं होतं आणि हजारो माणसं दुतर्फा उभी होती. अमोस लॉरेन्स हे गिरणी-व्यापारातले बडे असामी तोवर तडजोडीचे पक्के समर्थक. या प्रकारानंतर ते गुलामीचे कट्टर विरोधक झाले. चार वर्षं तो कायदा लागू होता तेव्हा त्यांना तो चालत होता. बर्न्स त्यांच्याच शहरातून चालत गेला आणि तो कायदा चालेनासा झाला. मला लॉरेन्स यांचं कौतुक आहे, पण अर्धंच.

आता आपल्याकडे येऊ. औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) भडकल दरवाजा बांधला मलिक अंबरनं, जो कधीकाळी हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला होता. त्या दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाडा पेटला. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं गाव सोडून पळाली.

एका नावानं एवढी आग लागते? लागते, कारण सरपण आधीच रचलेलं होतं. येसकरकीची गावकामं करायला, मेलेलं जनावर ओढायला दलितांची तरुण पोरं नकार देत होती. गायरानावर त्यांचे नांगर फिरत होते. मिलिंदमधून शिकलेला पोरगा नोकरीला लागून इस्त्रीच्या कपड्यांत गावी येत होता. बांधावर बसून त्याला हाक मारायची जुनी तऱ्हा आता चालत नव्हती. दुखणं हे होतं, विद्यापीठाची पाटी निमित्त.

शहरातला विरोध वेगळा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गोविंदभाई श्रॉफांसारखी निजामाशी लढलेली माणसं ‘मराठवाडा’ या नावासाठी उभी राहिली. त्यांच्या अस्मितेत ढोंग नव्हतं. पण गावात काडी लावणाऱ्याला त्या अस्मितेच्या आडोशाला उभं राहता आलं, आणि आडोसा देणाऱ्यांनी त्याला पुरेसं खडसावलं नाही. मग ठराव बाजूला ठेवून सुरू झाली सबुरी. वातावरण निवळू द्या, मनं जुळू द्या. १९७९ साली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, सरकारं आली-गेली, सबुरी कायम.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ राहिलं, त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं, नांदेडला वेगळं विद्यापीठ मिळालं. तडजोड म्हणून ती टिकाऊ निघाली. अमेरिकेत प्रत्येक तडजोडीनं पुढचं भांडण मोठं केलं आणि शेवटी सहा लाखांवर सैनिक मेले, तसं इथे झालं नाही. विद्यापीठाच्या गेटवर दर १४ जानेवारीला गर्दी लोटते ती उत्सवाची. पण या तोडग्यात असं काय होतं, जे १९७८ साली सुचलं नसतं? दोन्ही नावं एका पाटीवर लिहायला सोळा वर्षांचा अभ्यास लागत नाही. ती वर्षं गेली सवर्णांचा राग शांत होण्याची वाट पाहण्यात, आणि वाट पाहणाऱ्यांपैकी कुणाचंही घर जळालेलं नव्हतं.

पोचिराम कांबळे यांना त्याच दंगलीत टेंभुर्णी गावात ठार केलं ते ऑगस्ट १९७८ मध्ये. गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतलं ते नोव्हेंबर १९९३ मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सरकारला तोडगा सापडला.