आजाऱ्याची सेवा : किती आणि कोणासाठी?



शिवशरणी आयदक्की लक्कम्मा यांची कथा आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकली आहे. अमरेश्वरचे हे दांपत्य बाराव्या शतकात कल्याणला आले. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. 'आयदक्की' या कन्नड शब्दाचा अर्थच वेचलेले तांदूळ असा आहे. एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. जास्तीचे जेथून आणले तेथे ठेवून या, असे सांगून त्यांनी पतीला परत पाठविले.

ही कथा आपण लोभाविरुद्ध सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु धनधान्याचा लोभ नसलेल्या माणसालाही एक लोभ असू शकतो. तो म्हणजे सेवेचा. ऐकायला हे विचित्र वाटेल. मलाही वाटले असते. पण २०१९ च्या जानेवारीत बेळगावच्या एका रुग्णालयात तो मला दिसला, आणि दुसऱ्या कोणात नव्हे, माझ्यातच.

माझ्या पत्नीची बायपास शस्त्रक्रिया होती. वय अठ्ठावन्न. त्या दिवशी पहाटे बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी सर्व काढावे लागले. शेवटी तिने गळ्यातले इष्टलिंग काढले, वस्त्रात गुंडाळले आणि माझ्या हाती दिले. दीक्षा झाल्यापासून ते तिच्या अंगावरून कधी उतरले नव्हते. "सांभाळा," एवढेच म्हणाली. आता या बाईचे सर्वच मी सांभाळायचे, असा अर्थ मी त्या शब्दाचा घेतला. माझी चूक तेथून सुरू झाली.

अतिदक्षता विभागातून तिला खोलीत आणले, तेव्हा तिला उठून बसायचे होते. मी पुढे झालो, तिचे दोन्ही हात धरले आणि ओढले. ती कळवळली. सिस्टर धावत आल्या आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत मला चांगलेच बोलल्या. या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापतात आणि नंतर पोलादी तारांनी बांधतात. ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रोग्याचे हात धरून ओढायचे नसते, त्यानेही हातांवर भार देऊन उठायचे नसते. कुशीवर वळावे, पाय कॉटखाली सोडावेत आणि पाठीला मागून आधार घेऊन बसावे. म्हणजे आधार द्यायचा तो पाठीला, आणि उठायचे तिचे तिनेच. वाचकहो, चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हात दिला असे समजत होतो. तो कितीदा आधार होता आणि कितीदा ओढणे होते, याचा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला.

एवढ्यावर शहाणपण आले असेही नाही. तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे यंत्र देतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढल्या पाहिजेत. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचेही असते. जखम ताजी असताना खोकणे म्हणजे काय वेदना, हे पाहणाऱ्यालाही सोसवत नाही. मला सोसवले नाही. फिजिओथेरपिस्ट मुलगी आली की मी म्हणे, "आत्ताच झोप लागली आहे, जरा वेळाने या." असे दोनदा केले. तिसऱ्या दिवशी ताप आला. एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाचा तळाचा भाग नीट फुलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, असे पुष्कळांना होते, एकट्या तुमच्यामुळे झाले असे नाही. ते भले गृहस्थ होते. पण त्या मुलीला परत पाठविले मी होतो, आणि ते पत्नीच्या वेदनेसाठी की ती वेदना मला बघवत नव्हती म्हणून, याचे उत्तर मला ठाऊक होते.

आता खरा प्रश्न येथे आहे. आजारी जोडीदाराची सेवा हा आपला दासोह आहे, यात शंका नाही. पण दासोहात देणारा दास असतो, मालक नसतो. मी कॉटशेजारी बसल्या बसल्या मालक केव्हा झालो? डॉक्टर सकाळी येत, तिच्याकडे पाहून विचारीत, "दुखतंय का?" मी उत्तर देई, "नाही, आज बरं आहे." चार दिवस हे चालले. पाचव्या दिवशी डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, दुखतं मला. उत्तर तुम्ही देता." वेदनाशामक औषध पुरेसे मिळाले नाही तर रोगी खोकत नाही, चालत नाही, म्हणून तर डॉक्टर रोज विचारतात. तिची वेदना सांगण्याचा अधिकारही मी घेतला होता, आणि त्याला काळजी म्हणत होतो.

बाहेर व्हरांड्यात भेटायला येणाऱ्यांना मी किती रात्री जागलो ते सांगत असे. न विचारता सांगत असे. लोकही म्हणत, असा नवरा मिळायला पुण्य लागते. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणाला राग येवो. २००६ साली माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा हीच बाई अकरा रात्री खाली सतरंजीवर झोपली होती. तेव्हा तिला कोणी पुण्यवान म्हटले नाही, तिनेही रात्री मोजल्या नाहीत. शरणांनी स्त्री-पुरुष समान मानले म्हणून आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि बायकोला पाणी दिलेल्या पुरुषाचा सत्कार करतो.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, मग काय, आजाऱ्याला एकटे सोडावे? मुळीच नाही. खोलीत आणल्यावर दुसऱ्या रात्री ती भ्रमिष्टासारखी बोलू लागली. वारलेल्या आईला हाका मारी, सलाईनची नळी ओढी, मला ओळखेना. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, अतिदक्षता विभागात झोप नाही, दिवसरात्र दिवे, अशाने काहींना दोन-चार दिवस असे होते म्हणतात. सिस्टरांनी सांगितले, हात धरून बसा, चष्मा लावा त्यांना, वार कोणता, जागा कोणती ते शांतपणे सांगत राहा, वाद घालू नका. पहाटेपर्यंत मी तेच केले. "आज गुरुवार. आपण बेळगावात आहोत. ऑपरेशन झालं, सगळं नीट झालं." शंभरदा सांगितले असेल. ती सेवा जास्तीची नव्हती. भांडे देणे, अंग पुसणे, पायाची शीर काढली त्या सुजलेल्या पायाखाली उशी ठेवणे, हेही जास्तीचे नव्हते. यातून जो पुरुष लाजून किंवा किळस वाटून अंग काढतो, सिस्टर आहेत ना म्हणतो, तो तांदूळ कमी आणतो. मारय्यांचे कायक लक्कम्मांनी बंद करविले नव्हते. घराला लागेल तेवढे आणा, इतकेच त्यांचे म्हणणे होते, आणि घराला किती लागते हे वेचणाऱ्यापेक्षा शिजविणारीला जास्त कळत होते. आजाऱ्याच्या खोलीत शिजविणारी कोण, हे आपणच पाहावे.

त्यानंतर मी विचारू लागलो. "उठवू का?" "डॉक्टरांना तू सांगतेस की मी सांगू?" कधी ती हो म्हणे, पुष्कळदा नाही म्हणे. एका दुपारी कारण नसताना ती रडू लागली. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मन असे खचणे पुष्कळांच्या वाट्याला येते. धीराची वाक्ये माझ्या जिभेवर तयार होती, ती मी गिळली आणि बसून राहिलो. व्हरांड्यात ती चालायची तेव्हा मी अर्धे पाऊल मागे असे, हात तिच्या पाठीपासून वीतभर दूर. हे वीतभर अंतर ठेवणे मला रात्री जागण्यापेक्षा कठीण गेले, हे मान्य करतो.

आठव्या दिवशी घरी जाण्याच्या सकाळी तिने स्वतः तोंड धुतले, विभूती लावली आणि म्हणाली, "माझं लिंग द्या." मी खिशातून वस्त्र काढले आणि सवयीने तिच्या गळ्यात बांधायला वाकलो.

"गळ्यात नको," ती म्हणाली, "टाक्यांवर येतं. दंडाला बांधा. एका हाताने मला नाही जमायचं."

मी बांधले. गाठ जरा घट्ट झाली. तिने सांगितले, तेव्हा सैल केली.